कोटेशनमधली शेवटची ओळ

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं, की दुकानादुकानांत एकच कागद हातोहात फिरताना दिसतो. कोटेशनचा. (पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच.) वर प्रोसेसर, खाली मदरबोर्ड, मग रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. गिऱ्हाईक प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारतं, अमुक जनरेशनचा का, तमुक जीबी का, शेजारी तर पाचशेनं कमी सांगितलं. तळाशी एक ओळ असते, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. तिच्यावर बोट ठेवणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. बजेट ओलांडलं की दुकानदारही कात्री तिथंच लावतो. काच असलेलं, लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट तसंच राहतं आणि आतला एसएमपीएस बदलून हलका येतो.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतल्या बोर्डावरची वीज घेऊन ती कॉम्प्युटरच्या आतल्या प्रत्येक भागाला पचेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. कोटेशनमध्ये वरच्या ओळींत लिहिलेली एकूण एक वस्तू या डब्यावर जगते. तो बिघडला की नेहमी एकटाच जातो असं नाही, कधी सोबत मदरबोर्ड नेतो, कधी हार्ड डिस्क नेतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याकडे, आपल्या विजेवर, आपल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर चालवायचा असेल तर पहिली चौकशी या ओळीची व्हायला हवी. जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं काही घालायचं असेल तर आणखीच.

हे म्हणणं पक्कं झालं ते सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणाऱ्या एका स्टुडिओत. मालक तिशीतला तरुण. जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचा. ड्रोनचं फोरके शूटिंग सुरू झाल्यावर मशिन दमायला लागलं, म्हणून त्यानं हप्त्यावर आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्ड बसलं, स्क्रीन आली, सगळे खूश. पण रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ फाइल करून काढायला घेतला, की दोन-तीन मिनिटांत कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू. विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी एकच ओळ, ‘कर्नल-पॉवर ४१’. ही ओळ फक्त एवढंच सांगते की मशिन रीतसर बंद न होता मध्येच बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही. त्यानं विंडोज नव्यानं टाकलं. रॅम काढून पुसून लावली. कार्ड खराब म्हणून दुकानात परत नेलं, तिथल्या मशिनवर ते बिनतक्रार चाललं. तोंडावर लग्नसराई आणि तीन पार्ट्यांचे अल्बम अडकलेले.

शेवटी गावातल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे मशिन गेलं. टीव्हीच्या काळापासून सोल्डरिंग आयर्न हातात असलेले पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी आधी कार्डाला हातच लावला नाही. कॅबिनेटचा पत्रा काढला आणि कार्डाला जाणाऱ्या वायरी बोटांनी चाचपल्या. या कार्डाला आठ पिनांची स्वतंत्र वीजजोडणी लागते. जुन्या एसएमपीएसला तशी पिनच नव्हती. दुकानातल्या पोरानं हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या दोन मोलेक्स जोडण्या एकत्र करणारा कन्व्हर्टर लावून काम भागवलं होतं. मामांनी तो सोडवून उजेडात धरला. पांढरं प्लॅस्टिक पिवळ्या वायरीच्या बाजूला तपकिरी पडलं होतं, आणि आतली एक पिन काळवंडून सैल झाली होती.

“बघ,” ते म्हणाले, “हितं भाजायला लागलंय. अजून महिनाभर चालवलं असतंस तर धूर काढला असता यानं.”

“पण मामा, एसएमपीएस तर चालू हाय. पंखा फिरतोय की.”

“नुसता पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला, असं नसतंय बाळा. लोड घेतोय का ते बघायचं असतंय.”

मग मल्टिमीटर. काळी सळई काळ्या वायरीला, तांबडी पिवळ्या वायरीला. पिवळी वायर म्हणजे १२ व्होल्ट. कॉम्प्युटर नुसता चालू ठेवलेला असताना आकडा ११.९. रेंडर सुरू केला, आकडा घसरत ११.३ वर आला, थरथरला, आणि मशिन बंद. या १२ व्होल्टमध्ये पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं एटीएक्सचं मानक सांगतं. म्हणजे खालची मर्यादा ११.४. चांगला एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ अशी खूण करड्या वायरीवरून मदरबोर्डला सतत देत असतो. वीज मर्यादेबाहेर गेली की ती खूण तुटते आणि मदरबोर्ड स्वतःला थांबवतो. इथं निदान तेवढं तरी घडत होतं. ज्या डब्यांत ही देखरेखही नसते, तिथं मशिन बंद पडत नाही, फक्त आतले भाग कमी-जास्त विजेवर झिजत राहतात, आणि सहा महिन्यांनी ‘हार्ड डिस्क गेली’ एवढंच कानावर येतं.

मामांनी डबा उलटा करून स्टिकर दाखवला. ठसठशीत अक्षरांत ‘४५० वॅट’. त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, आणि एसएमपीएस घेताना तो डोळ्यांत तेल घालून वाचायचा असतो. या तक्त्यात १२ व्होल्टपुढे लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव, म्हणजे १२ व्होल्टवर हा डबा फार तर १९२ वॅट देणार. ५ व्होल्टपुढे २५ अँपिअर, ३.३ व्होल्टपुढे २०. सगळ्या ओळींची बेरीज केली तरी ती ४०० च्या आत. म्हणजे वरच्या ठळक आकड्याला खालचा तक्ताही साक्ष देत नव्हता. आता गरज बघा. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट खातं. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असला तरी जोरात चालताना नव्वदीच्या घरात जातो. पंखे आणि डिस्क धरल्या की १२ व्होल्टची मागणी पावणेतीनशेच्या आसपास पोचते. विंडोज टाकून आणि रॅम पुसून हा आकडा हलणार नव्हता.

५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे फुगवून एकूण वॅट वाढवायची ही युक्ती चालते, त्यामागे थोडा इतिहास आहे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्याचा पॉवर सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा होता, आणि आतल्या चिपा मुख्यतः ५ व्होल्टवर चालायच्या. १९८३ च्या एक्सटीला १३० वॅट, १९८४ च्या एटीला १९२. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणलं. त्यात डब्याची रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६ मिलिमीटर, मागचे चार स्क्रू कुठे यायचे ते, सगळं ठरलं. ते अजून तसंच आहे. आज घेतलेला एसएमपीएस पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये मागच्या त्याच चार भोकांवर बसतो. कॉम्प्युटरच्या धंद्यात इतकी वर्षं न बदललेली वस्तू मला दुसरी चटकन आठवत नाही, आणि सामान्य माणसाला घरच्या घरी एसएमपीएस बदलता येतो तो याच शिस्तीमुळे.

बाहेरचं माप तेच राहिलं, आतला ओघ मात्र बदलला. प्रोसेसरची भूक वाढली तसं ५ व्होल्टवर ती भागवणं अवघड झालं. तेवढेच वॅट कमी व्होल्टवर न्यायचे तर अँपिअर वाढतात, आणि अँपिअर वाढले की वायरी आणि जोडण्या तापतात. म्हणून २००० साली पेंटियम ४ च्या सुमाराला प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली. तेव्हापासून प्रोसेसर १२ व्होल्टवर, पुढे ग्राफिक्स कार्डही १२ व्होल्टवर. ५ आणि ३.३ व्होल्टला आता किरकोळ काम उरलं आहे. आजचा चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस बघितला तर त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण ताकद एकट्या १२ व्होल्टवर. स्टिकर वाचायची एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवावी. १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२, आणि हा गुणाकार डब्यावरच्या ठळक आकड्याच्या जवळपास यायला हवा.

मामांनी जुना डबा लगेच उघडला नाही. प्लग काढून बराच वेळ तसाच ठेवला. त्याचं कारण महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण ती उलटसुलट वाहणारी असल्यामुळे तिची लाट शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते. एसएमपीएस पहिल्या पायरीलाच तिला एकाच दिशेनं वाहायला लावून मोठ्या कंडेन्सरमध्ये साठवतो. त्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात. एसएमपीएस बदलणं कुणालाही जमेल. एसएमपीएस उघडणं मात्र ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्यानंच करावं. पंख्यातला धुरळा काढायचा असला तरी बाहेरून ब्लोअर मारावा, पत्रा खोलू नये.

साठवलेल्या या विजेचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तुकडे पाडतात. ‘स्विच मोड’मधलं स्विच हे. पूर्वी रेडिओ-टेपला लावायचा एलिमिनेटर हातात घेतला की जड लागायचा, कारण त्यातला लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या संथ लाटेवर चालायचा. लाट हजारपटींनी वेगवान केली की तेच काम काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरवर भागतं. अॅपल २ या १९७७ च्या कॉम्प्युटरसाठी रॉड होल्ट यांनी असा सप्लाय बनवला, त्याचं कौतुक पुढे स्टीव्ह जॉब्सनं खूप केलं. तंत्र त्याआधीचं होतं, उपग्रहांत आणि मोठ्या यंत्रांत ते वापरलंही जात होतं. पण टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये पंख्याशिवाय चालणारा हलका सप्लाय बसवून दाखवणं ही मोठीच गोष्ट होती.

जुना डबा अखेर उघडला तेव्हा मामांनी हिरव्या-तपकिरी बोर्डावरच्या रिकाम्या जागा दाखवल्या. वीज आत येते तिथं एक गुंडाळी आणि दोन-तीन छोटे कंडेन्सर असायला हवेत. बाहेरची घाण वीज आत येऊ नये आणि आतला गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून ते असतात. बोर्डावर त्यांची चित्रं छापलेली होती, भोकं पाडलेली होती, आणि गुंडाळीच्या जागी तारेचे दोन तुकडे सोल्डर केले होते. विजेचा लोंढा आला तर तो गिळणारा एमओव्ही नावाचा चकतीसारखा भाग, तोही गायब. बाहेर पडायच्या बाजूचे दोन कंडेन्सर माथ्यावर फुगलेले. मी तो पत्रा हातात घेतला. वजन नव्हतंच.

फुगलेल्या कंडेन्सरबद्दल आपल्याकडच्या वाचकांनी खास लक्ष द्यावं. २००० च्या आसपासची काही वर्षं जगभर सदोष कंडेन्सरांची लाट आली होती, नामांकित कंपन्यांचे हजारो मदरबोर्ड त्यात गेले. ती लाट ओसरली, पण उष्णतेचा नियम तसाच आहे. या कंडेन्सरांच्या आत द्रव असतो आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. म्हणून चांगल्या एसएमपीएसमध्ये १०५ अंशांचे कंडेन्सर घालतात, स्वस्तात ८५ चे. एसएमपीएसची प्रमाणपत्रं ज्या प्रयोगशाळांत मिळतात तिथं हवा २३ अंशांच्या आसपास ठेवलेली असते. आपल्या अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि एसीविना बंद खोलीत, टेबलाखालच्या खणात कोंबलेल्या कॅबिनेटच्या आत किती होत असतील याचा विचार करा. दमट कोकणात वेगळं दुखणं. पत्र्यावर गंज, बोर्डावर ओल, आणि उबेसाठी मागच्या जाळीतून आत शिरलेली पाल.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे. खोक्यावर ‘८० प्लस’ आणि पुढे ब्राँझ, गोल्ड वगैरे लिहिलेलं असतं. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही योजना. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के कॉम्प्युटरला पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ती मोजते. याचा हिशेब आपल्या बिलात दिसतो. ३०० वॅटचं काम करायला ७५ टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून ४०० वॅट ओढतो. ८५ टक्क्यांचा ३५३. रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस काम असलेल्या स्टुडिओत हा फरक शंभरावर युनिटांचा होतो, तेही व्यापारी मीटरवर. वाचलेली वीज म्हणजे खोलीत कमी झालेली उष्णताही. पण ‘८० प्लस’ सुरक्षेबद्दल काही सांगत नाही. २०२१ मध्ये गीगाबाइट या मोठ्या कंपनीचे ७५० आणि ८५० वॅटचे दोन गोल्ड एसएमपीएस तपासणाऱ्यांच्या हातात जादा लोडवर स्फोट होऊन गेले. कंपनीला ते बदलून द्यायची तयारी जाहीर करावी लागली. तेव्हा नाव मोठं आणि बिल्ला सोनेरी एवढ्यावर डोळे मिटू नयेत. त्या विशिष्ट मॉडेलची उघडून केलेली तपासणी कुणी प्रसिद्ध केली आहे का ते बघावं, आणि वॉरंटी बघावी. दुकानदाराच्या तोंडी ‘एक वर्ष रिप्लेसमेंट’ आणि कंपनीनं लेखी दिलेली पाच-सात वर्षं यांतला फरक कारखानदाराला स्वतःच्या मालाबद्दल काय वाटतं ते सांगून जातो. जीएसटीचं बिल मात्र घ्यायचंच. त्याशिवाय ती वर्षं कागदावरच राहतात.

स्टुडिओवाल्यानं ५५० वॅटचा ब्राँझ घेतला. जुन्यापेक्षा किंमत पाचपट, चेहरा पडलेला. ७५० चा का नको, असं त्यानं विचारलं. मामांनी सरळ हिशेब केला. मशिनची सगळी मिळून गरज जास्तीत जास्त तीनशेच्या थोडी वर, म्हणजे ५५० वर निम्म्याहून जरासा जास्त लोड. बहुतेक एसएमपीएस याच पट्ट्यात सगळ्यात कमी वीज वाया घालवतात. शिवाय ग्राफिक्स कार्डं क्षणार्धासाठी त्यांच्या ठरलेल्या मागणीच्या कितीतरी वर उडी मारतात, तिला जागा राहते. या उड्या इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं मानक आलं. त्यात डब्यानं १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट मागणीसुद्धा झेलली पाहिजे अशी अट आहे. त्याच वर्षी आलेल्या ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० ला सोळा बारीक पिनांची नवी जोडणी होती आणि नीट न बसलेल्या जोडण्या वितळल्याच्या बातम्या जगभर आल्या. पुढच्या वर्षी तिची रचना सुधारावी लागली. आपल्या स्टुडिओतल्या आठ पिनांच्या कार्डाला तो धोका नाही, पण जोडणी खटकन बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबायची, ही सवय सगळ्यांनाच हवी.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं. प्लग काढला. मग पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे बोर्डावर उरलीसुरली वीज संपते. मागचे चार स्क्रू. सगळ्यात त्रास दिला तो प्रोसेसरच्या जोडणीनं. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आडोशाला असते, बोटं पोचत नाहीत आणि कुलूप दाबल्याशिवाय निघत नाही. मामांनी तिथं घाई केली नाही. नव्या डब्याच्या वायरींत आठ पिनांच्या दोन जोडण्या दिसायला सारख्या असतात. एक प्रोसेसरची, चार अधिक चार अशी फुटणारी. दुसरी ग्राफिक्स कार्डाची, सहा अधिक दोन. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट असतात. पिनांचे आकार वेगळे केलेले असल्यामुळे चुकीच्या जागी ती सहज जात नाही, आणि जात नसेल तर जोर लावायचा नाही.

याहून मोठा धोका सुट्या वायरींचा. वायरी डब्यापासून काढता येणाऱ्या, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसमध्ये मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाला कुठलंही सामायिक मानक नाही. एका कंपनीची वायर दुसरीच्या डब्यात बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. डिस्क एका क्षणात मरते, त्यातल्या सगळ्या लग्नांसकट. जुना डबा काढला की त्याच्या वायरीही काढायच्या, मग त्या पुन्हा घालायला कितीही कंटाळा येवो.

आणखी एक सावधगिरी सेकंडहँड मशिनवाल्यांसाठी. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप सध्या गावोगावी विकले जातात. टिकाऊ असतात, अभ्यासाला आणि टायपिंगला उत्तम. पण त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस एटीएक्सच्या मापाचा नसतो आणि मदरबोर्डची जोडणीही कंपनीची स्वतःची असते. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही मशिनांत तर जोडणी एटीएक्ससारखीच दिसायची, आतला वायरींचा क्रम मात्र वेगळा. साधा एसएमपीएस लावला की बोर्ड जळायचा. अशा मशिनमध्ये मोठं कार्ड घालण्यापेक्षा ज्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही, जे स्लॉटमधल्या ७५ वॅटवरच भागवतं, असं घ्यावं.

नव्या डब्यावर रेंडर लावला, मल्टिमीटरचा आकडा १२.०५ वरून १२.०१ वर आला आणि तिथंच थांबला. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण निघाला. मालक पैसे द्यायला उठला, पण मामा अजून जमिनीवर बसलेले. त्यांनी टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला लावला. दिवा लागला.

हा दिवा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत लागतो. कॅबिनेटला हात लागला की ‘झिणझिण्या येतात’, ‘थोडा करंट मारतो’ म्हणून लोक चप्पल घालून बसतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कंडेन्सर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा अर्थिंगला जोडलेला असला तर त्यांच्यातून येणारा अगदी क्षीण प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, शंभर-सव्वाशे व्होल्टवर लोंबकळत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्याही अंशात असल्यामुळे एरवी तो जिवावर बेतत नाही, पण त्याचा अर्थ असा की आतलं इन्शुलेशन उद्या तुटलं तर माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये काहीच नाही. इथं एक चमत्कारिक गोष्ट घडते. तारेचे तुकडे सोल्डर केलेला स्वस्तातला डबा झिणझिण्या कमी देतो, कारण त्यात ते कंडेन्सरच नसतात. चांगला एसएमपीएस लावल्यावर ‘नवा करंट मारतो’ अशी तक्रार येते आणि दोष नव्या डब्यावर ढकलला जातो. दोष बोर्डाच्या तिसऱ्या भोकात असतो, ज्याच्यामागे तारच नसते. किंवा एक्स्टेन्शनच्या दोन पिनांच्या प्लगमध्ये.

विजेच्या बाबतीत चांगल्या एसएमपीएसचा आपल्याकडे एक मोठा फायदा आहे, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. ज्यांत अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं त्यांतले बरेचसे डबे १०० ते २४० व्होल्ट घेतात. संध्याकाळी शेतीपंप चालू झाले की गावात १७० व्होल्ट येतात, ट्यूब लुकलुकते. असा डबा तिथंही आतली वीज स्थिर ठेवतो, स्टॅबिलायझरची गरज पडत नाही. काही मॉडेलांवर २०० ते २४० एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून स्टिकरची तीही ओळ वाचावी. जुन्या डब्यांच्या मागे ११५-२३० असा लाल स्विच असायचा. साफसफाई करताना तो चुकून ११५ वर सरकला आणि प्लग लावला की आपल्याकडे थेट बारच होतो. पण लाइनचं न्यूट्रल तुटलं आणि घरात चारशेच्या घरात व्होल्ट आले, तर कुठलाही एसएमपीएस तुम्हाला वाचवील असं समजू नये. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढावा, हेच खरं.

युपीएसचं गणितही या निमित्तानं मांडलं गेलं. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा युपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी. तीनशे वॅटच्या मशिनवर ती काही मिनिटंच टिकणार, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. वीज गेल्यावर युपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ एसएमपीएस स्वतःच्या कंडेन्सरवर तग धरतो. मानकानुसार १६-१७ मिलिसेकंद तरी धरायला हवा, हलके डबे धरत नाहीत. ‘युपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो’ ही तक्रार पुष्कळदा युपीएसची नसतेच.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. स्टुडिओच्या मागं खड्डा घेतला, तांब्याची पट्टी सोडली, बोर्डापर्यंत हिरवी तार आणली. फेज आणि अर्थमध्ये २२९ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २. पत्र्याला लावलेला टेस्टर विझलेलाच राहिला.

जुना डबा स्टुडिओवाल्याला पुतण्याच्या कॉम्प्युटरला लावायचा होता. मामांनी दिला नाही. वायरी कापून घेतल्या, पंखा काढून ठेवला आणि उरलेला पत्रा ई-कचऱ्याच्या पोत्यात टाकला. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हवा, भंगारवाल्याकडे तांब्यासाठी जाळायला नाही. मामांचं पोतं भरलं की ते सांगलीला अशा रीसायकलरसाठी माल गोळा करणाऱ्या संकलकाकडे जातं. पुतण्यासाठी त्यांनी नवीन कोटेशन लिहून दिलं. त्यात एसएमपीएस पहिल्या ओळीत होता, पुढे मॉडेलचं पूर्ण नाव आणि १२ व्होल्टचे अँपिअर.